जोडा, दर्जा आणि पायाचे दुखणे : पादत्राणांच्या आकाराचा एक सामाजिक इतिहास

प्रास्ताविक

मानवी शरीरात सर्वसाधारणपणे २०६ हाडे असतात आणि त्यांपैकी ५२, म्हणजे जवळजवळ चौथा हिस्सा, दोन पावलांत सामावलेली असतात. शरीराचा सगळा भार ज्याच्यावर, त्या अवयवाकडे इतिहासलेखनाने मात्र क्वचितच पाहिले आहे. मुकुट, शिरपेच, पागोटी, अंगरखे यांच्यावर पुष्कळ लिहिले गेले; पाय मात्र लढाईत जखमी झाला किंवा कोणी त्यावर मस्तक ठेवले, तरच इतिहासात दिसतो. प्रस्तुत लेखात या उपेक्षित अवयवाच्या एका सामान्य तक्रारीचा, म्हणजे पायदुखीचा, पादत्राणांच्या आकाराच्या अंगाने विचार करण्याचा प्रयत्न केला आहे. लेख प्रकाशित साधनांवर आधारलेला असून त्याची व्याप्ती मुख्यतः युरोप, अमेरिका आणि भारत एवढीच ठेवली आहे.

पायदुखीची नेहमीची रूपे सर्वांच्या परिचयाची आहेत. पायाचा अंगठा इतर बोटांकडे झुकतो आणि त्याच्या मुळाशी हाडाचा उंचवटा येऊन तो जोड्याला घासू लागतो. सतत दाब पडणाऱ्या जागी कातडी घट्ट होऊन कुरूप होते. अंगठ्याचे नख कडेच्या मांसात शिरते. टाचेपासून बोटांच्या मुळापर्यंत ताणलेला तळपायाचा जाड पडदा दुखावला, की सकाळी अंथरुणातून उतरताना पहिले पाऊल टेकवणे नकोसे होते. या शेवटच्या दुखण्याला इंग्लंडमध्ये ‘पोलिसाची टाच’ असे नाव पडले होते. ‘अध्यापकाची टाच’ हे नाव त्याला तितकेच शोभले असते. कठीण फरशीवर तासन् तास उभे राहणे हे दोन्ही व्यवसायांचे समान लक्षण होय. याखेरीज भेगा, चिखल्या आणि ओलाव्याने होणारे विकार आहेतच.

यांपैकी बऱ्याच तक्रारींचे एक मोठे कारण, म्हणजे पायाच्या आकाराशी न जुळणारा जोडा, सुमारे अडीचशे वर्षांपासून छापील ग्रंथांत नोंदलेले आहे. उपायही तेव्हापासून ठाऊक आहे आणि तो खर्चिक नाही. मग तो अमलात का आला नाही, हा या लेखापुढील प्रश्न आहे. जोडा ही आधी दर्जाची खूण आणि मग पायाचे संरक्षण, असा क्रम बहुतेक समाजांनी मानला. आणि पायाविषयीचे ज्ञान प्रत्यक्ष वापरात आले ते मुख्यतः जेथे सत्तेला चालणाऱ्या पायांची गरज पडली तेथे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. पुढील विवेचन या दिशेने केले आहे.

केंब्रिजच्या दफनभूमीतील पुरावा

जोड्यामुळे पाय बिघडतो हे सिद्ध करण्यासाठी जिवंत माणसाची साक्ष पुरेशी नसते. कारण दुखण्याचे वर्णन व्यक्तीगणिक बदलते. हाडे मात्र एकच गोष्ट सांगतात. इंग्लंडमधील केंब्रिज शहर व परिसरातील चार मध्ययुगीन दफनस्थळांतील १७७ सांगाड्यांचा अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. अकराव्या ते तेराव्या शतकातील सांगाड्यांपैकी सुमारे ६ टक्क्यांत अंगठा वळल्याच्या खुणा आढळल्या. चौदाव्या-पंधराव्या शतकातील सांगाड्यांत हे प्रमाण २७ टक्क्यांवर गेले होते. हा नेमका तो काळ, जेव्हा युरोपात निमुळत्या, लांब टोकाच्या जोड्यांची टूम पसरली होती. माणसाच्या हाडांची घडण दोन शतकांत बदलत नाही. बदलला तो जोडा.

या अभ्यासातील अधिक बोलका भाग म्हणजे दफनस्थळांनुसार पडलेला फरक. खेड्यातील दफनभूमीत हे प्रमाण ३ टक्के, शहरातील कष्टकऱ्यांच्या दफनभूमीत १० टक्के, धर्मादाय रुग्णालयाच्या आवारात २३ टक्के आणि ऑगस्टिनियन मठात ४३ टक्के आढळले. मठात श्रीमंत आश्रयदाते आणि धर्मगुरू पुरले जात. वास्तविक धर्मगुरूंनी टोकदार जोडे घालू नयेत, असा आदेश चर्चने १२१५ सालीच दिला होता आणि तो पुढेही पुन्हा पुन्हा द्यावा लागला. एखादा आदेश वारंवार काढावा लागतो याचा अर्थ इतिहासाच्या विद्यार्थ्याला वेगळा सांगावा लागत नाही. मठातील ज्या अकरा व्यक्ती धर्मगुरू म्हणून ओळखता आल्या, त्यांपैकी पाच जणांचे अंगठे वळलेले होते.

१४६३ साली इंग्लंडचा राजा चौथा एडवर्ड याच्या राजवटीत जोड्याच्या टोकाची लांबी दोन इंचांवर जाऊ नये असा निर्बंध आला. वरवर पाहता हा आरोग्याचा कायदा वाटावा. पण तो पोशाखविषयक नियमांचा भाग होता. कोणी किती भारी वस्त्र वापरावे, हे माणसाच्या दर्जावरून ठरविणारे जे कायदे त्या काळी होत, त्यांच्याच मालिकेतील हा एक. पाय दुखतात म्हणून टोक कमी करा, असे कायद्याचे म्हणणे नव्हते. ज्याची योग्यता नाही त्याने लांब टोक मिरवू नये, एवढेच त्याचे म्हणणे होते.

त्या अभ्यासातील आणखी एक निरीक्षण प्रतिबंधाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. उतारवयात मृत्यू पावलेल्या ज्यांचे अंगठे वळलेले होते, त्यांच्या हाडांत पडल्यामुळे झालेल्या अस्थिभंगाच्या खुणा इतरांपेक्षा अधिक होत्या. वळलेल्या अंगठ्याने तोल बिघडतो आणि म्हातारपणी माणूस पडतो. पायाची तक्रार पायापुरती राहत नाही, ती अशी.

कॅम्पर यांचा निबंध

मध्ययुगीन जोडा टोकदार असला, तरी उजवा-डावा असा भेद त्यात होता. सतराव्या शतकात उंच टाचेची पद्धत रूढ झाली आणि जोडे शिवण्याच्या लाकडी साच्यांची अडचण उभी राहिली. टाचेच्या प्रत्येक उंचीसाठी व प्रत्येक मापासाठी उजवा आणि डावा असे दोन साचे करायचे, तर खर्च दुप्पट होई. परिणामी दोन्ही पायांना चालणारा सरळ जोडा रूढ झाला आणि तो जवळजवळ दोनशे वर्षे टिकला. काही सैन्यांत तर झीज सारखी व्हावी म्हणून सैनिकांनी उजवा-डावा जोडा अदलून-बदलून घालावा अशी शिस्त होती. जोडा सारखा झिजावा याची काळजी घेतली गेली. पायाचे काय होते, हे कोणी विचारले नाही.

हा प्रश्न प्रथम नीट विचारला तो डच शरीरशास्त्रज्ञ पेट्रुस कॅम्पर (१७२२-१७८९) यांनी. १७८१ साली त्यांनी जोड्याच्या सर्वोत्तम आकारावर एक छोटा निबंध प्रसिद्ध केला. त्याच्या जन्माची हकिगत मोठी मौजेची आहे. विषय कितीही क्षुल्लक असो, जाणकाराने हाताळला तर तो वाचनीय होतो, हे आपल्या विद्यार्थ्यांना पटवून देण्यासाठी थट्टेत निघालेल्या गोष्टीतून हा निबंध लिहिला गेला. (संशोधनासाठी विषय सुचत नाही अशी तक्रार करणाऱ्या विद्यार्थ्यांना ही गोष्ट अवश्य सांगावी.) घोडे, खेचरे, बैल यांच्या खुरांची निगा राखण्यावर विद्वानांनी बुद्धी खर्च केली, पण स्वतःच्या जातीच्या पायांकडे मात्र दुर्लक्ष केले, याचे कॅम्पर यांना नवल वाटले. घोडा लंगडला तर मालकाचे नुकसान होते. माणूस लंगडला तर ते त्याचे त्याला. त्यांच्या नवलाचे उत्तर बहुधा यातच आहे.

पाऊल टेकताना ते लांब आणि रुंद होते, म्हणून बसलेल्या माणसाच्या पायाचे माप घेऊन शिवलेला जोडा चालताना आखूड पडतो, हे कॅम्पर यांनी दाखवून दिले. उंच टाचेने शरीराचा भार पुढे ढकलला जातो आणि बोटे जोड्याच्या टोकात कोंबली जातात. कुरुपे आणि वळलेली बोटे हा त्याचा परिणाम, हेही त्यांनी मांडले. आजचा अस्थिरोगतज्ज्ञ रुग्णाला जे सांगतो, त्याचा गाभा यात आलेला आहे. जेम्स डोवी नावाच्या लंडनच्या एका जोडे बनविणाऱ्या कारागिराने १८६१ साली आपल्या पुस्तकात या निबंधाचा इंग्रजी अनुवाद छापला. एका शरीरशास्त्रज्ञाचे म्हणणे ऐंशी वर्षांनी एका कारागिराने उचलून धरावे, ही घटना ज्ञानाच्या प्रवासाविषयी बरेच काही सांगते.

दरम्यान झुरिकचे शरीरशास्त्रज्ञ हेरमान फोन मायर यांनी १८५८ साली जोड्याच्या योग्य आकारावर पुस्तक लिहिले. ‘जोडा का चावतो’ अशा अर्थाच्या शीर्षकाने त्याचा इंग्रजी अनुवादही झाला. मायर यांनी एक साधी कसोटी दिली. निरोगी पायाच्या अंगठ्याच्या मध्यातून मागे रेषा ओढली, तर ती टाचेच्या मध्यातून जाते. ज्या जोड्याच्या तळव्यावर ही रेषा बसत नाही, तो जोडा अंगठ्याला आत ढकलणारच. जोड्याचे टोक मधोमध असावे ही दर्जीपणाची हौस आहे. पायाचे टोक मधोमध नसते, ते अंगठ्याच्या बाजूला असते. एवढी सरळ गोष्ट सांगण्यासाठी शरीरशास्त्राच्या प्राध्यापकाला पुस्तक लिहावे लागले!

चालणारे सैन्य

एकोणिसाव्या शतकात उजवा-डावा भेद परत आला, तरी बाजारातील जोडा निमुळताच राहिला. कॅम्पर आणि मायर यांचे ऐकले ते गिऱ्हाइकाने नव्हे, तर सैन्याने. सैनिकाचा पाय हा त्याच्या मालकीचा असला, तरी तो चालेनासा झाला तर तुकडी अडते.

अमेरिकन सैन्यातील डॉक्टर एडवर्ड लायमन मन्सन यांच्या पुढाकाराने लष्करी जोड्यांविषयीच्या मंडळाने काही वर्षे सैनिकांच्या पायांची पाहणी केली. १९१२ साली मन्सन यांनी सैनिकाचा पाय आणि लष्करी जोडा या विषयावर पुस्तक प्रसिद्ध केले. त्यांच्या साच्याची आतील कड सरळ होती, पुढचा भाग रुंद होता आणि टाच बसकी होती. या साच्याइतकीच महत्त्वाची होती ती माप घेण्याची पद्धत. सैनिकाने पाठीवर ४० पौंडांचे ओझे घेऊन, सगळा भार एका पायावर टाकून उभे राहायचे आणि मग माप द्यायचे. कॅम्पर यांनी सव्वाशे वर्षांपूर्वी सांगितलेला मुद्दा येथे लष्करी हुकूम म्हणून आला. नवा जोडा पायाला सरावण्यासाठी सैनिकाने तो घालून काही मिनिटे उथळ पाण्यात उभे राहावे आणि मग वाळेपर्यंत सपाट जमिनीवर चालावे, म्हणजे कातडे पायाचा आकार घेईल, अशीही सूचना होती. आपल्याकडे नवी कोल्हापुरी चप्पल तेल चोपडून आणि थोडी थोडी वापरून मऊ करतात, त्यामागील विचार यापेक्षा निराळा नाही.

पहिल्या महायुद्धात पायाचा प्रश्न वेगळ्याच रूपाने समोर आला. खंदकातील गार पाण्यात आणि चिखलात दिवसेंदिवस उभे राहिल्याने पाय सुजत, बधिर होत आणि शेवटी सडत. ‘खंदकपाय’ असे ज्याचे शब्दशः भाषांतर होईल, तो हा विकार. सप्टेंबर १९१४ च्या अखेरीपासून मार्सेल्स बंदरात उतरलेल्या हिंदी सैनिकांनी त्या वर्षीचा हिवाळा फ्रान्स-फ्लँडर्सच्या आघाडीवर काढला. त्यांच्यापैकीही अनेकांना गारठ्याने पाय निकामी होण्याचा अनुभव आला. उपाय म्हणून मोजे दररोज बदलणे, पाय कोरडे करून त्यांना देवमाशाचे तेल चोळणे, पोटऱ्यांच्या पट्ट्या सैल बांधणे आणि खंदकात पाणी साठू न देणे अशी शिस्त घालण्यात आली. विशेष म्हणजे पाय तपासण्याची जबाबदारी अधिकाऱ्यांवर टाकली गेली. तुकडीत असे रुग्ण वाढले तर तो शिस्तीतील ढिलाईचा पुरावा मानला जाऊ लागला. पायाचे दुखणे हे दुखणाऱ्याचे खासगी प्रकरण न राहता वरिष्ठाच्या कर्तव्याचा भाग झाले आणि रोगाचे प्रमाण खाली आले. औषध नवे नव्हते; जबाबदारी नवी होती.

हिंदुस्थानातील जोड्याचा प्रश्न

आपल्याकडे पायाची निगा हा विषय नवा नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील पाचव्या अध्यायात दिनचर्येचा भाग म्हणून पायांना तेल चोळण्याचे आणि पादत्राणे वापरण्याचे फायदे सांगितले आहेत. पायांचा खरखरीतपणा, बधिरपणा आणि भेगा यांवर पादाभ्यंग हा उपाय तेथे येतो. महाराष्ट्रातील घरांतून काशाच्या वाटीने तळपाय घासण्याची जी रीत आजही काही ठिकाणी दिसते, ती याच परंपरेतील म्हणता येईल. परंतु ग्रंथातील सल्ला आणि समाजातील परवानगी या दोन वेगळ्या गोष्टी होत. देशाच्या अनेक भागांत अस्पृश्य मानलेल्या जातींना सवर्णांच्या वस्तीतून जाताना वहाणा हातात घ्याव्या लागत. ज्यांनी मेलेल्या जनावराचे कातडे सोलले, कमावले आणि शिवले, त्यांच्याच पायांना ते घालण्याची मुभा नव्हती. स्त्रियांचेही तेच. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जोडे घालून रस्त्याने जाणारी पांढरपेशा घरातील स्त्री पुण्यासारख्या शहरातही कुचेष्टेचा विषय होत असे. ‘पायातली वहाण पायातच बरी’ ही म्हण कोणाला उद्देशून वापरली जात असे, हे वाचकांना ठाऊकच आहे.

याच काळात इंग्रजी सत्तेने जोड्याला एक नवा अर्थ दिला. हिंदी माणसाने दरबारात किंवा साहेबासमोर जाताना जोडे काढावेत, असा संकेत होता. हिंदी रीतीप्रमाणे तो आदराचा भाग असला, तरी इंग्रज तो वर्चस्वाची खूण म्हणून वापरत होते. १८५४ साली गव्हर्नर जनरलच्या सरकारने ठराव केला, की जे हिंदी गृहस्थ युरोपीय पद्धतीचे बूट व मोजे घालून येतील त्यांना ते काढण्याची आवश्यकता नाही. देशी जोडा घातला असेल, तर मात्र तो काढावा लागे. यातून वाद उभे राहिले. १८६२ साली सुरतेच्या न्यायालयात माणेकजी कावसजी एंटी या पारशी गृहस्थांचे प्रकरण गाजले, ते याच जोड्याच्या प्रश्नावरून.

अभ्यासकांनी या घटनेकडे वसाहतकालीन मानापमानाच्या अंगाने पाहिले आहे आणि ते योग्यच आहे. येथे तिच्या दुसऱ्या परिणामाकडे लक्ष वेधावयाचे आहे. या ठरावाने मोकळ्या बोटांच्या देशी पादत्राणापेक्षा बंद विलायती बुटाला अधिकृतपणे वरचा दर्जा मिळाला. कारकून, वकील, मास्तर या नव्या वर्गाच्या पायात तो बूट आला तो पाय सुखी राहावा म्हणून नव्हे, तर तो काढावा लागू नये म्हणून! दमट किनारपट्टीवर, जेथे वर्षातून चार महिने पाय ओले असतात, तेथे बंद कातडी बूट हा चिखल्यांना आमंत्रण देणारा होता. पण कचेरीत उघड्या बोटांनी जाणे कमीपणाचे ठरले. १८८० च्या दशकात कानपूरला यंत्रावर बूट बनू लागले ते मुख्यतः लष्करासाठी. १९३० च्या दशकात कोलकात्याजवळ बाटानगर वसले आणि बंद बूट मध्यमवर्गाच्या आवाक्यात आला.

त्या तुलनेत कोल्हापुरी चप्पल पाहावी. जनावराचे कातडे बाभळीची साल, हिरडा यांसारख्या वनस्पतिजन्य द्रव्यांनी कमावून, तळाचे थर कातड्याच्याच वादीने शिवून ती तयार होते. पुढचा भाग मोकळा असल्याने बोटांना पसरता येते. एका अंगठ्याने आणि पट्ट्याने ती पायाला धरून राहते. म्हणजे मायर यांच्या कसोटीला उतरणारे पादत्राण आपल्याकडे चांभारांच्या हातून आधीच बनत होते. तिचे अवाजवी गुणगान करण्याचे मात्र कारण नाही. तिचा तळ सपाट आणि कठीण असतो, टाचेला मऊ आधार नसतो. ज्याची टाच आधीच दुखते त्याला ती सिमेंटच्या फरशीवर दिवसभर सोसवत नाही. मातीच्या रस्त्यासाठी घडलेली ती वस्तू आहे. २०१९ साली महाराष्ट्र आणि कर्नाटकातील मिळून आठ जिल्ह्यांसाठी तिला भौगोलिक मानांकन मिळाले, ते तिच्या कारागिरीचा सन्मान म्हणून.

अनवाणी पायांची साक्ष

जोड्याने पाय बिघडतो, तर जोडाच नसलेल्या पायाचे काय, हा प्रश्न विसाव्या शतकात संशोधकांना पडला. १९०५ साली फिलिप हॉफमन या अमेरिकन डॉक्टराने अनवाणी आणि जोडे घालणाऱ्या लोकांच्या पायांची तुलना प्रसिद्ध केली. त्यासाठी त्याने १९०४ च्या सेंट लुईस येथील जागतिक प्रदर्शनात आणलेल्या फिलिपिनो आणि आफ्रिकी लोकांचे पाय तपासले. माणसांना प्रदर्शनात मांडून ठेवणाऱ्या त्या मेळ्यात संशोधन झाले, हे विसरता येत नाही. त्याला असे आढळले, की मूळचे पाय सर्वत्र सारखेच असतात. पुढे त्यांत जो फरक पडतो तो जोड्याने.

१९५८ साली हाँगकाँगमधील एका अभ्यासात हा फरक आकड्यांनी स्पष्ट झाला. जोडे वापरणाऱ्या ११८ चिनी व्यक्तींपैकी ३३ टक्क्यांचे अंगठे वळलेले होते, तर न वापरणाऱ्या १०७ व्यक्तींत हे प्रमाण जेमतेम १.९ टक्के होते. वंश एक, प्रदेश एक. फरक होता पायातील जोड्याचा.

भारतातील महत्त्वाचा पुरावा कर्नाटकातील मणिपालचा आहे. तेथील राव आणि जोसेफ या डॉक्टरांनी चार ते तेरा वर्षे वयाच्या २३०० मुलांच्या पावलांचे ठसे घेतले आणि १९९२ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. जोडे वापरणाऱ्या मुलांत सपाट पावलांचे प्रमाण ८.६ टक्के, तर अनवाणी मुलांत २.८ टक्के आढळले. त्यातही बंद बूट घालणाऱ्यांत ते सर्वांत अधिक, आणि चपला-स्लिपर घालणाऱ्यांत कमी होते. पायाची कमान घडण्याच्या वयात पायाच्या स्नायूंना काम मिळावे लागते. कठीण बूट ते काम काढून घेतो, असा या निष्कर्षाचा अर्थ लावला जातो. सपाट पाऊल म्हणजे दुखणारे पाऊल असे नव्हे, हे मात्र येथे नमूद केले पाहिजे. कित्येकांची पावले आयुष्यभर सपाट असतात आणि त्यांची काही तक्रार नसते.

या पुराव्यावरून अनवाणी राहण्याचा पुरस्कार करणे मोठी चूक ठरेल. १८९८ साली कैरो येथे आर्थर लूस यांनी अंकुशकृमीच्या अळ्या कातडीतून शरीरात शिरतात हे शोधून काढले, आणि अनवाणी पायाने शेतात वावरणाऱ्यांच्या रक्तक्षयाचे एक मोठे कारण उघड झाले. अमेरिकेच्या दक्षिण भागात १९०९ पासून रॉकफेलर यांच्या देणगीतून या रोगाविरुद्ध जी मोहीम चालली, तिच्या प्रचारात शौचालय आणि जोडा या दोन्हींवर भर होता. काटा, काच, सर्पदंश यांची गोष्ट तर शेतकऱ्याला सांगायलाच नको.

वेल्लोरचा अनुभव याहून वेगळा आहे. १९४६ साली डॉ. पॉल ब्रँड तेथील ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आले. कुष्ठरुग्णांची बोटे रोगाने आपोआप झडतात, असा तेव्हा समज होता. ब्रँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या लक्षात आले, की नसा निकामी झाल्याने रुग्णाला वेदनाच कळत नाही. खिळा रुतला, फोड आला, तरी तो त्याच पायाने चालत राहतो आणि पाऊल नष्ट होते ते या न कळलेल्या जखमांनी. उपाय म्हणून शस्त्रक्रियेच्या जोडीला मऊ, सूक्ष्म छिद्रांच्या रबराचा तळ असलेल्या चपला तयार करण्यात आल्या. मधुमेहामुळे पाय बधिर झालेल्या रुग्णांना आज ज्या प्रकारच्या चपला सुचवल्या जातात, त्यांचा हा पूर्वज होय. अशा रुग्णांनी रोज रात्री तळपाय आरशात पाहावेत आणि अनवाणी फिरू नये, हा सल्लाही त्याच अनुभवातून आलेला आहे. दुखणाऱ्या पायाची काळजी माणूस घेतो. न दुखणारा पाय दुसऱ्या कोणाला तरी सांभाळावा लागतो.

शाळेचा बूट

आज या विषयाचा सर्वांत निकडीचा भाग शाळेच्या गणवेशात आहे. मणिपालचा निष्कर्ष प्रसिद्ध होऊन तीन दशकांहून अधिक काळ लोटला. तरी सकाळी रस्त्याने जाणाऱ्या मुलांकडे पाहिले, की निमुळत्या टोकाचे, कठीण तळाचे काळे बूट दिसतात. जूनमध्ये घेतलेला बूट ‘वाढत्या अंगाचा’ म्हणून मोठा असतो आणि मार्चमध्ये तो चावू लागतो. पण वर्ष संपत आले म्हणून नवा घेतला जात नाही. ज्या घरात दोन-तीन मुले आहेत तेथे थोरल्याचा बूट धाकट्याच्या पायात येतो, आणि त्याबरोबर थोरल्याच्या पायाने पाडलेला आकारही येतो. पावसाळ्यात तो दोन दिवस वाळत नाही. शिस्तीच्या नावाखाली हा गणवेश ठरविणारे आपणच, म्हणजे शिक्षक आणि संस्थाचालक, आहोत.

मुलांच्या पायांच्या मापाबाबत बाजारावर विसंबण्यात काय धोका असतो, याचे एक उदाहरण येथे देण्याजोगे आहे. १९२० च्या दशकापासून अमेरिका व युरोपातील जोड्यांच्या दुकानांत क्ष-किरणांची पेटी ठेवलेली असे. तिच्यात मुलाने पाय घालायचा आणि नव्या बुटातील आपली हाडे हिरवट पडद्यावर पाहायची. आईवडिलांना हे शास्त्रीय वाटे, मुलांना गंमत वाटे. किरणोत्सर्गाचा धोका ध्यानात आल्यावर १९५७ साली पेनसिल्व्हेनिया राज्याने या पेटीवर बंदी घातली आणि हळूहळू ती सगळीकडून नाहीशी झाली. विक्री वाढविण्यापलीकडे तिचा उपयोग नव्हता. कारण बूट बसतो की नाही, हे पाहण्यासाठी कोणत्याही यंत्राची गरजच नसते.

संध्याकाळी, पाय दिवसभराच्या वावराने थोडे पसरलेले असताना, मुलाला कागदावर उभे करावे. सगळा भार पायावर असताना पेन्सिल सरळ धरून दोन्ही पावलांची कड आखावी. दोन पाय क्वचितच सारखे असतात, म्हणून मोठे पाऊल धरावे. तो आकार कापून बुटाच्या तळावर बाहेरून ठेवावा. कागद कडेने बाहेर आला, तर तेवढे बोट आत दुमडले जाणार आहे. सर्वांत लांब बोटाच्या पुढे हाताच्या अंगठ्याची निम्मी रुंदी तरी मोकळी असावी. तळ पुढच्या भागात हाताने वाकावा, मधोमध वाकू नये. दर तीन-चार महिन्यांनी हे पुन्हा करावे. पालकसभेच्या दिवशी वर्गातील चाळीस मुलांची पावले अशी आखून घेण्यास एक तास पुरतो, आणि लागणारे साहित्य म्हणजे रद्दीतले कागद, पेन्सिल आणि कात्री.

गणवेशाच्या नियमात ‘काळे चामडी बूट’ याऐवजी ‘रुंद पुढच्या भागाचे कापडी बूट किंवा पट्ट्याची सँडल’ एवढा बदल करण्यास कोणत्याही अनुदानाची आवश्यकता नाही. तो विषय संस्थेच्या पुढील बैठकीच्या कार्यक्रमपत्रिकेवर घेता येईल.